कोपरापर्यंत

"मलम त कोपरापर्यंत थापलं होतं म्हणते तिनं, तरीबी लागलं," असं म्हणून बेबीताईनं मेथीची जुडी बादलीत बुचकळून झटकली आणि ती गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या लेखी बोलणं संपलं होतं. चार थेंब निखतच्या चपलेवर पडले. इतवाऱ्यातल्या भाजीबाजारात, सकाळी नऊच्या गर्दीत, निखत पिशवी धरून उभी होती. पिशवीत मलमाच्या बारा डब्या होत्या, आणि ज्या मनकर्णाबाईला त्या द्यायच्या ती आपल्या जागेवर नव्हती. बेबीताई आणि कोथिंबीरवाला यांच्या मधल्या त्या हातभर जागेत घडी घातलेलं पोतं होतं आणि पोत्यावर वीट. जागा कुणी बळकावू नये म्हणून बेबीताईनंच ती ठेवली असावी. मनकर्णाबाई रविवारपासून सरकारी दवाखान्यात होती. वांग्यांवर फवारायचं औषध तिनं ड्रममध्ये कालवलं, हात घालून ढवळलं, दुपारी उलट्या सुरू झाल्या, अंगाला घामाच्या धारा लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि सुनेनं जीपमध्ये घालून तिला अमरावतीला आणलं. हे सगळं बेबीताईनं आधीच सांगितलं होतं आणि निखतनं ते ऐकताना हळहळ व्यक्त केली होती, कुणीही करतं तशी. या वर्षी अशा बातम्यांचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. पेपरात आतल्या पानावर एखाद्या तालुक्याचं नाव यायचं, आकडा यायचा, शेजारी साड्यांच्या सेलची जाहिरात. मग ते मलमाचं वाक्य आलं. बेबीताईनं ते टोचून म्हटलं नव्हतं. एवढी काळजी घेतली तरी व्हायचं ते झालंच, इतकाच तिचा अर्थ. पण निखत उगाच वाकून चपलेवरचं पाणी पुसू लागली.

ते मलम तिचं होतं. चपराशीपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत, एका वेळी सहा किलो, ती ते स्वतः करायची. एका पातेल्यात तेल, मेणासारखे पांढरे तुकडे आणि तेलापाण्याची सोयरीक जुळवणारी एक भुकटी. दुसऱ्यात पाणी आणि ग्लिसरीन. दोन्ही पातेली सारखीच तापवायची, एकात दुसरं ओतायचं, आणि मग लाकडी चाटूनं ढवळत बसायचं, हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत. सुरुवातीला ते पाणचट दुधासारखं दिसतं आणि नवख्याला वाटतं की आता सगळं वाया गेलं. मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, चाटूला ओढ लागते. मनगटाला ते आधी कळतं, डोळ्यांना नंतर. मलम उभं राहतं. ही करामत त्या पांढऱ्या तुकड्यांची. पिशवीवर त्यांचं नाव सीटोस्टिअरिल अल्कोहोल. अकोल्याच्या ज्या कारखान्यात ती पूर्वी कामाला होती, तिथं सगळे नुसतं सीटो म्हणायचे. निखतचे अब्बा अब्दुल रहीम यांनी उभा जन्म अकोल्यात अत्तर आणि सुरमा विकण्यात घालवला होता. लेकीकडे राहायला आले असताना त्यांनी पिशवीवरचा अल्कोहोल हा शब्द वाचला आणि दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. हे खोबरेलापासून काढलेलं मेण आहे, याच्यानं चढतही नाही आणि उतरतही नाही, असं तिनं सांगितलं. अब्बांनी तो तुकडा अंगठ्यानं चोळला, हुंगला, आणि याला तर वासच नाही, मग यात आहे तरी काय, असं विचारलं. हे तेलाला आणि पाण्याला एकमेकांपासून पळू देत नाही, ती म्हणाली होती. ते हसले होते, आणि असं मेण घराघरात वाटायला पाहिजे म्हणाले होते.

पहिल्या वर्षी मलम पातळ व्हायचं. कातडीला तेच चांगलं होतं, पटकन मुरायचं, पण बायकांनी नाकं मुरडली. पाणी विकते का बाई, असं बडनेऱ्याची एक जण तोंडावर म्हणाली. तेव्हा निखतनं सीटोची एक मूठ वाढवली, मग दुसरी. मलम असं घट्ट झालं की बोट घातलं तर बोटाची खूण संध्याकाळपर्यंत तशीच. मनकर्णाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिचा तो प्रसिद्ध खेळ आला. बाजारात वांगी मोजता मोजता ती डबीचं झाकण काढायची आणि उघडी डबी गिऱ्हाइकाच्या तळहातावर उलटी धरायची. बाई दचकून हात मागे घ्यायची, मलम मात्र जागचं हलायचं नाही. "पडते का? नाई ना? मंग," एवढंच मनकर्णाबाई म्हणायची, आणि वांग्यांबरोबर डबी जायची. निखतला या खेळाची थोडी लाज वाटायची. जाड म्हणजे गुणी असं काही नसतं, दोन मुठी मेण टाकलं की कुठलंही मलम असंच उलटं लटकतं, हे तिला माहीत होतं. पण ती पाहत उभी राहायची, आणि खरं सांगायचं तर तिला मजाही वाटायची. लग्नाला चौदा वर्षं झाली, बी. एस्सी. होऊन सतरा, आणि या सगळ्या काळात तिनं केलेल्या एखाद्या गोष्टीकडे चार माणसांनी टक लावून पाहावं असं प्रथमच होत होतं. मनकर्णाबाई तिला निखतबाई म्हणायची, ती मनकर्णाबाईला मावशी. दर मंगळवारी डब्यांच्या बदल्यात कधी पडवळ, कधी दोडकी पिशवीत पडायची, आणि नको म्हटलं की शिव्या मिळायच्या.

आता बाजारातून बाहेर पडताना तिला त्यातला एकच मंगळवार आठवत होता. आखाडातला. मनकर्णाबाई पोत्यावर पाय पसरून बसली होती, टाचांच्या भेगा बुजल्या म्हणून खूश होती, आणि तिनं सहज विचारलं होतं की हे हाताले कामाच्या पयले लावाचं का मागून. निखतला तो प्रश्न आवडला होता. कुणी आपल्याला काही विचारतंय, शिकलेली म्हणून विचारतंय, हे तिला आवडलं होतं. ती म्हणाली होती, दोन्ही वेळा लावा मावशी. आधी लावलं तर हातमोजे घातल्यासारखं. असंच. हातमोजे हा शब्द कुठून आला कोण जाणे, जिभेवर तयारच होता. आणि दोन्ही वेळा का? दोन्ही वेळा लावलं तर डबी लवकर संपते म्हणून. हा विचार तेव्हा तिच्या मनात आला होता की आत्ता येतोय? तिनं स्वतःला बजावलं की आत्ता येतोय. चार पावलं गेल्यावर तिनं कबूल केलं की तेव्हाच आला होता, अगदी चिमूटभर, पण आला होता. त्यानंतर मनकर्णाबाई तेच वाक्य बाजारात म्हणू लागली. डबी उलटी धरायची आणि म्हणायचं, वावरात जाच्या पयले लावा, हातमोजे घातल्यावानी. वलगाव, आसेगाव, थेट दर्यापूरपर्यंतच्या बायका ते ऐकून गेल्या होत्या. आज मंगळवार, सकाळचे साडेनऊ. त्यातल्या किती जणी या घटकेला हाताला मलम चोपडून ड्रमापाशी उभ्या असतील, हा हिशेब करता येत नव्हता आणि थांबवताही येत नव्हता.

दवाखान्याला जायला ऑटो होते, दोघांनी थांबूनही पाहिलं, पण ती चालत राहिली. भादव्याचं ऊन डोक्यावर चढत होतं. राजकमल चौकात उड्डाणपुलाच्या सावलीत एक माणूस कणसं भाजत बसला होता आणि त्या धुरात तिला एकदम झणझणीत वास आला, निलगिरीच्या तेलाचा, कापराचा. वास तिथं नव्हता, तो अकोल्याचा होता. लग्नाआधी तिनं तीन वर्षं अकोल्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात काढली होती. तिथं सांधेदुखीचं मलम व्हायचं. प्रयोगशाळा म्हणजे एक खिडकी, एक तराजू आणि खुशालराव. खुशालराव तिथले जुने केमिस्ट, तोंडात सतत लवंग, बोलणं कमी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एक गोष्ट करून दाखवली होती. आपल्या डाव्या मनगटावर त्यांनी नुसता औषधी अर्क लावला, उजव्यावर तोच अर्क मलमात कालवून. थोड्या वेळानं डावं मनगट होतं तसं होतं आणि उजवं लालबुंद. मग त्यांनी कागदावर विटा काढल्या, विटांच्या मध्ये गारा भरला. कातडीचा वरचा पापुद्रा असा असतो, म्हणाले, आणि हा मधला गारा चरबीचा आहे. आपलं मलमपण चरबीचं. ते गाऱ्यात शिरतं, गारा ढिला करतं, आणि मागून येणाऱ्याला वाट करून देतं. "औषध काय, कुणीबी टाकते पोरी," खुशालराव म्हणाले होते. "त्याले आत नेणारं पाह्यजे. थे आपण बनवतो." तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं. वाक्याखाली रेघसुद्धा मारली होती, ती तशी मुलगी होती.

आणि निखतचं मलम म्हणजे तेच मलम. अकोला सोडताना तिनं नवं काही शोधून आणलं नव्हतं. वहीतलं ते पान आणलं होतं, त्यातून अर्क, कापूर आणि निलगिरीचं तेल वगळलं होतं, गुलाबाचा वास टाकला होता. म्हणजे गाडी तीच, फक्त रिकामी. तिनं ती रिकामी गाडी बायकांच्या हातांवर उभी करून ठेवली आणि सांगितलं, जा आता वावरात. फवारणीचं औषध तेलात विरघळणारं असतं हे काय तिला ठाऊक नव्हतं? ड्रमात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, हे तिनं मनकर्णाबाईच्या वावरात स्वतः पाहिलं होतं आणि पाहताना तिला आपलंच पातेलं आठवलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं. तेच तेल, तेच पाणी, तशीच त्यांना धरून ठेवणारी भुकटी. कळलं नव्हतं असं ती कुणासमोर म्हणू शकली असती. मोहसीनसमोर, बेबीताईसमोर, कुणी विचारायला आलंच तर त्याच्यासमोर. पण वहीतली ती रेघ होती. ती तिनं स्वतःच्या हातानं, पट्टी लावून मारली होती. दवाखान्याच्या फाटकाशी रसाच्या गाडीजवळ ती थांबली आणि तिनं गाडीचा दांडा धरला. रसवाल्यानं काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

तिनं मोहसीनला फोन लावला. मोहसीनचं मोटारी भरायचं दुकान होतं, पंपाच्या जळलेल्या मोटारी तो तांब्याच्या तारेनं पुन्हा गुंडाळून द्यायचा, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी जळाल्यावर पुन्हा गुंडाळता येतात असं त्याचं एकूण मत होतं. तिनं सगळं सांगितलं. खुशालराव, विटा, गारा, हातमोजे. मध्येच त्यानं मागे कुणाला तरी पाना मागितला. मग म्हणाला, "जहर तूनं घोला क्या? नहीं ना. और वो बायां सब हाथ सेच घोलती. तेरा मलम नहीं रहता तो बी घोलती." मग, भेटून ये, फळं घेऊन जा, बाकी काही बोलायची गरज नाही, असं समजुतीनं म्हणाला. डबीवरची दोन हातांची खूण त्यानंच काढली होती, लेबलं त्यानंच कापली होती. तो वाईट सांगत नव्हता. आणि त्याचं म्हणणं खरंही होतं. त्या बायका हातानंच ढवळतात. काडी लावली की औषधासोबत टाकलेल्या भुकटीच्या गुठळ्या राहतात, पंपाचं तोंड बुजतं, मग पंप मारणारा ओरडतो. हातानं चोळून चोळून कालवलेलं बरं पडतं. इकडे सगळीकडे असंच चालतं. म्हणजे मनकर्णाबाईचा हात त्या ड्रमात जाणारच होता. मलम असो नसो, हात जाणारच होता, विष अंगात शिरणारच होतं. मलमानं फार तर काय केलं असेल, दाराशी आलेल्याला थोडं लवकर आत घेतलं असेल. थोडं. किती थोडं, हे कुणीही मोजलेलं नव्हतं आणि कुणी मोजणारही नव्हतं. या थोड्याला तिनं गच्च धरलं. केळी घेतली, डझनभर, आणि ती आत गेली.

बायकांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. खाटा कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे दोन खाटांच्या मध्ये खाली गाद्या टाकल्या होत्या. मनकर्णाबाईला खिडकीजवळची खाट मिळाली होती. तिची सून गीतांजली पायथ्याशी बसून डब्यातली खिचडी कोरडीच चिवडत होती. निखतला पाहून ती उठली आणि तिनं पदर डोळ्याला लावला, मग ओशाळून खाली घेतला. आता बऱ्या आहेत, म्हणाली. पहिल्या रात्री आत्याबाईंच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून फेस, छाती घरघरत होती. मग इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली तेव्हा उलटंच झालं, तोंड वाळून कोरड पडली आणि रातभर बरळत होत्या, बाजारात बसल्यावानी वांग्यांचा भाव सांगत होत्या. डॉक्टर म्हणाले की अजून दोन दिवस बघू, मग सांगू. गीतांजली हे सगळं एका सुरात सांगत होती. निखतचं लक्ष चादरीवर ठेवलेल्या मनकर्णाबाईच्या हाताकडे होतं. पंजापासून कोपरापर्यंत कातडी लालसर, कुठं कुठं बारीक पुरळ, आणि कोपराच्या वर एकदम नेहमीची सावळी. मध्ये एक रेघ होती. मलम जिथपर्यंत लावलं तिथपर्यंत का औषध जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत, ते नुसतं पाहून सांगता येत नव्हतं. निखत ती रेघ पाहत राहिली. आपण कोणत्या बाजूनं सुटतो ते ती शोधत होती, आणि हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली.

मनकर्णाबाईनं डोळे उघडले. बाहुल्या आता मोठ्या झाल्या होत्या, तिला नीट दिसत नसावं. निखतला तिनं आवाजावरून ओळखलं. आलं का माह्यं मलम, असं तिनं विचारलं, आणि हसायला गेली तर कोरड्या ओठाला चीर पडली. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे मान वळवून ती म्हणाली, "हे पाह्य, हेच थे. मलम हिच्याच हातचं. थे लावलं होतं म्हणून वाचली मी, नाई त रविवारीच गेली होती." शेजारची बाई बार्शीटाकळीकडची होती, नाव सुभद्रा, तिचा नवरा खालच्या वॉर्डात आणि ती इथं. दोघं एकाच वावरात, एकाच दिवशी. सुभद्रानं कोपर टेकून अर्धवट उठायचा प्रयत्न केला आणि एक डबी मले द्या बाई, असं म्हणाली. गादीवरच्या म्हाताऱ्या बाईनंही मान वर केली. म्हणजे मनकर्णाबाईनं बरळता बरळताच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वॉर्डभर तिनं डबी उलटी धरून दाखवली होती, डबी हातात नसताना. निखत हसली. आपण हसतोय हे तिला कळलं, गालांना ताण जाणवला, आणि ते थांबवायचं कसं हे कळेना. पिशवीत केळ्यांच्या खाली बारा डब्या होत्या. एवढंच करायचं होतं की एक सुभद्राला, एक म्हातारीला, आणि घरी जायचं. कुणी काही विचारणार नव्हतं. उलट मनकर्णाबाई स्वतः साक्ष देत होती. अशी साक्ष कुणाला मिळते?

सुभद्राला तिनं एक डबी दिली. दिली म्हणजे हात पुढे आला आणि हातात ठेवली गेली. सुभद्रानं झाकण उघडून वास घेतला, गुलाब, म्हणाली, आणि डबी छातीवर ठेवून पडून राहिली. तेवढ्यात मनकर्णाबाई म्हणाली की हाताची आग होऊन राहिली, तुमी आल्या तशा थोडं लावून द्या. निखत खाटेच्या कडेला बसली. तिनं दुसरी डबी उघडली, दोन बोटांवर मलम घेतलं, आणि डाव्या हातानं मनकर्णाबाईचं मनगट उचलून आपल्या मांडीवर घेतलं. हात गरम होता. रोज कोयता, दोरी, मातीची घमेली धरणारा हात असा सैल पडून राहिलेला तिनं कधी पाहिला नव्हता. इतक्या दिवसांत आपण या हाताला कधी शिवलोच नाही, डब्या द्यायच्या, पडवळ घ्यायचं, एवढंच. दोन बोटं कातडीच्या वर वीतभर थांबली. आता लावलं तर काही बिघडणार नव्हतं. विष धुऊन झालं होतं, आता हे नुसतं मलम, थंड वाटलं असतं, तिला बरं वाटलं असतं. पण हे लावून झालं की आपण कधीच बोलणार नाही, हे निखतला स्वच्छ दिसलं. उद्या सुभद्रा बरी होईल, घरी जाईल, पुढच्या फवारणीला कोपरापर्यंत मलम थापेल आणि ड्रमात हात घालेल. आणि म्हणेल, अमरावतीच्या दवाखान्यात एका शिकल्या बाईनं दिलं.

"मावशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, "हे लावून औषधात हात नाई घालाचा. हे हातमोजे नाईत. हे औषधाले आत नेते." मनकर्णाबाईला ऐकू गेलं नाही असं वाटलं म्हणून ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग थांबता येईना. अकोल्याचं मलम, तोच पाया, कातडी ढिली होते, मागून येणाऱ्याला वाट मिळते, हे मला आधीपासून माहीत होतं. माहीत असून सांगितलं, दोन्ही वेळा लावा म्हणून. गीतांजलीनं खिचडीचा डबा खाली ठेवला.

"तुमीच त सांगतलं होतं," मनकर्णाबाई म्हणाली. रागानं नाही. विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तशी.

"चुकीचं सांगतलं म्या," निखत म्हणाली. आणि मग ती अजून एक वाक्य बोलली, जे ती रसाच्या गाडीपासून मुठीत धरून आली होती. तिला ते बोलायचं नव्हतं, पण सगळं रितं करून झाल्यावर ते एकटंच तळाशी उरलं होतं. ती म्हणाली की तसंही मावशी, तुम्ही सगळ्या हातानंच ढवळता, मलम नसतं तरी हात गेलाच असता. म्हणताना तिनं मनकर्णाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. होकार मिळावा म्हणून पाहिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लहान मूल पडल्यावर लागलं की नाही ते आईच्या तोंडाकडे पाहून ठरवतं, तसं.

मनकर्णाबाई छताकडे पाहत होती, जिथं तिला धड काही दिसत नसणार. तिनं कोरडे ओठ चाटले. गीतांजलीनं चमच्यानं पाणी पाजलं, ते तिनं गिळलं. "वीस वर्सं म्या काडीनं ढवळलं," ती म्हणाली. "निंबाची होती, चांगली कमरेएवढी. गुठळ्या राहत, मंग कपड्यानं गाळून घेत होती. टाइम लागे." ती थांबली. तिला दम लागत होता. "तुमचं मलम आलं अनं म्या थे चुलीत घातली."

मग तिनं आपला हात निखतच्या मांडीवरून उचलला. ओढला नाही, झटकला नाही. त्या हातात तेवढा जोरच नव्हता. हळूहळू, मध्ये एकदा थांबून, तिनं तो चादरीखाली नेला आणि ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून. गीतांजलीनं चादर खांद्यापर्यंत सारखी केली. शेजारच्या खाटेवर सुभद्रानं छातीवरच्या डबीला झाकण लावलं, ते आडवं बसलं, पुन्हा काढून नीट लावलं, आणि हात लांब करून डबी दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर ठेवली, निखतच्या बाजूला. निखतला उठायचं होतं. निदान हात तरी पुसायचा होता, पण रुमाल पिशवीत होता, पिशवी खाली, आणि खाली वाकायला तिचं अंग ऐकत नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर मलम तसंच होतं. हात दुखायला लागला तेव्हा तिनं तो गुडघ्यावरून खाली सोडला, बोटं जमिनीकडे करून, आणि फरशीवर डाग पडेल म्हणून ती बघत राहिली. मलम पडलं नाही.